दीड इंच

पँटच्या मागच्या शिवणीत
मी दीड इंच कापड दुमडून ठेवतो.
गिऱ्हाईक विचारत नाही, मी सांगत नाही.
कन्ना चौकात दुकान टाकून एकोणतीस वर्षं झाली,
सोलापूरची कंबर मला पाठ आहे:
नवरात्रात बत्तीस, दिवाळीला तेहतीस,
आणि गड्ड्यातले पाळणे उतरवायला लागले
की दुकानात रांग.
"गुंडेटी, जरा ढिली करून द्या की.
धुतल्यावर आटली बघा."

आटते तर. दरवर्षी जानेवारीतच आटते.
मी मान डोलावतो, ब्लेडनं शिवण उघडतो.
आत कापडाचा मूळ रंग असतो, न विटलेला.
खिशाच्या कोपऱ्यात हुरड्याचं कोंड.

त्यांना काय नावं ठेवू?
नाताळच्या सुट्टीत पुण्याहून लेक-जावई आले
की आम्हीही निघतो मार्डीकडे, म्हेत्र्यांच्या शेतात.
आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळलं
की हिरवा, धुरकट वास सुटतो,
आणि त्या वासाला पोट भरलेलं कळत नाही.
शेंगाचटणी, गुळाचा खडा, सायीचं दही,
मग भरीत, मग "एवढं एक धपाटं तरी",
मग बोरं, ती काय, चालता चालता.
म्हेत्रेवहिनी वाढताना ताटाकडे बघत नाहीत,
तोंडाकडे बघतात.
नको म्हणणारं तोंड त्यांना आजारी वाटतं.

लगेच भोगी. तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा.
दुसऱ्या दिवशी शेंगापोळी, तुपात बुडवून.
आणि रात्री दोनला
घशाशी आलेलं आंबट पाणी गिळत
अंधारात खाटेवर बसलेला मी.

यंदा इराप्पा बिराजदार आला.
पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, चादरीच्या कारखान्यात मुकादम,
दर गड्ड्याला अर्धा इंच सोडवून नेणारा.
मी न विचारताच ब्लेड उचललं.
"सोडू नको बे," तो म्हणाला. "आवळ."

टेप लावली. टेप सैल पडली.
अडतीसचा माणूस चौतीसवर.
"साखर निघाली. काय बी खाल्लं तरी वाळूलालो."
मग बायकोनं दिलेली तिळगुळाची पुडी
त्यानं मशीनवर ठेवली, माझ्यासाठी.
मी पुडी हातात धरून
त्याच्या पँटकडे बघत बसलो.
माझ्याच हातानं उसवलेल्या शिवणींच्या खुणा,
तीन ओळी,
काळ्या कापडावर मुंग्या गेल्यासारख्या.

कापडात मार्जिन मी ठेवतो.
अंगात कुणी ठेवलंय, किती, कुठल्या शिवणीत,
ते उसवल्याशिवाय कळत नाही.

आता पहाटे दोघं तलावाला जातो.
तलावाचं नावच कंबर, इराप्पाला रोज हसू येतं.
कानाला मफलर, तोंडातून वाफ,
पहिल्या फेरीत तो राजकारण बोलतो,
दुसऱ्या फेरीत नुसता श्वास.
येताना भज्याच्या गाडीपाशी
दोघंही पलीकडच्या फूटपाथवर जातो.
रोज नाही. बहुतेक रोज.

परवा म्हेत्रेवहिनींचा निरोप आला:
हुरडा कडक व्हायच्या आत येऊन जा.
गेलो. दोन कणसं खाल्ली.
तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरला.
त्यांनी तोंडाकडे पाहिलं. "बरं नाही का हो?"
"बरं आहे," म्हणालो, "म्हणून तर."
त्यांना पटलं नाही. डबा भरून दिलाच.
तो एसटीत मांडीवर घेऊन बसलो,
कोमट होता, झाकणातून वास येत होता,
उघडला नाही. बाळ्यापर्यंत तरी.

आणि लोकांच्या कंबरा मोजतो म्हणून सांगतो,
माझ्या स्वतःच्या पँटला
आता दुमडलेलं कापड उरलेलं नाही.
तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या रात्री,
शटर अर्धं ओढून,
दिवा लावून,
मीच सोडलं ते. सगळं.